प्री दामेरिक: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर वर्षानुवर्षं रेस पाहिलेल्या माणसाला ही शर्यत पहिल्यांदा दाखवली की तो पाचेक सेकंदांत विचारतो, "अहो, पण हे घोडे पळत का नाहीत?" पळतात. ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगानं पळतात. उधळत मात्र नाहीत, आणि सगळी गंमत तिथंच आहे. दर जानेवारीत ओळखीपाळखीचे लोक मला तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची इथं लिहून ठेवली आहेत.

ही नेमकी कसली शर्यत?

दोन चाकांच्या हलक्या गाडीला जुंपलेल्या घोड्यांची, दुडकीच्या चालीची. पॅरिसच्या पूर्व टोकाला व्हँसेनचं जंगल आहे आणि त्यात रेसकोर्स आहे. तिथं जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ही शर्यत होते. अंतर २,७०० मीटर, घोडे जास्तीत जास्त १८. अलीकडे बक्षिसाची एकूण रक्कम १० लाख युरोच्या आसपास असते आणि तिच्यातला ४५ टक्के वाटा पहिल्या घोड्याला मिळतो.

गाडीला सल्की म्हणतात. टांग्याचं छप्पर, मागची सीट, कंदील, घुंगरं सगळं काढून टाका, सायकलसारखी दोन चाकं लावा. जे उरेल ती सल्की. हाकणारा पाय लांब करून जवळजवळ घोड्याच्या शेपटीखालीच बसलेला असतो. चिखल उडाला की थेट त्याच्या तोंडावर.

नावाचा उच्चार काय, अर्थ काय?

'प्री दामेरिक'. 'प्री' म्हणजे बक्षीस. त्याच्या शेवटचं अक्षर लिहितात पण बोलत नाहीत. अर्थ सरळ आहे: अमेरिकेचं बक्षीस. मराठी बातम्यांत कधी कधी 'प्रिक्स' छापून येतं, ते तेवढं टाळा.

दुडकी म्हणजे कोणती चाल?

घोडा पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम उचलतो, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा. तिरक्या जोड्या. टापांचा आवाज दोन ठोक्यांचा येतो, टप-टप, टप-टप, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये एक निमिष चारही पाय जमिनीपासून वर असतात. लग्नाच्या वरातीतला घोडा वाजंत्रीपुढं जरा घाईनं निघाला की जी चाल धरतो तीच ही, फक्त कितीतरी पट वेगानं आणि लांब टापेनं.

चौखूर चालीत हा ताल बदलतो. घोडा अंग ताणतो, पुढचे पाय फेकतो, मागचे ओढून घेतो. घाबरला, चेव आला किंवा शेजारचा पुढं निघाला की कुठलाही घोडा आपसूक चौखूर सुटतो, कारण ते त्याच्या रक्तातच आहे. दुडकीच्या शर्यतीची सगळी तालीम या रक्ताविरुद्ध असते. घोड्याला शिकवायचं ते असं: शेजारी दुसरा घोडा घासतो आहे, मागून सतरा जण येत आहेत, समोर दोनशे मीटरवर शर्यत संपायचा खांब आहे, आणि तरीही तू ताल सोडायचा नाहीस.

अमेरिकेत आणखी एक चाल चालते, पेसिंग. त्यात एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पडतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ज्यांनी रेवाल चालीच्या घोड्याभोवती गर्दी जमलेली पाहिली आहे, त्यांना पेसिंग पाहताना ती चाल आठवेल. अगदी तीच नव्हे, पण नात्यातली. फ्रान्समध्ये मात्र दुडकीच, दुसरं काही नाही.

आणि चाल मोडली तर?

हाकणाऱ्यानं घोड्याला ताबडतोब आवरून दुडकीवर आणायचं. थोडक्या टापांत आणला तर चालतं. पण तोवर बाकीचे निघून गेलेले असतात. उधळत राहिला, उधळण्यानं पुढं सरकला किंवा खांबापाशी चौखूर पोचला तर बाद. पंच पूर्ण वेळ नजर ठेवून असतात आणि बाद घोड्यांचे नंबर शर्यत चालू असतानाच पुकारले जातात. सगळ्यांचा लाडका घोडा पहिल्या वळणाआधीच बाद झाल्याची घोषणा येते तेव्हा स्टँडमधून जो सुस्कारा निघतो त्याला भाषांतर लागत नाही.

फ्रान्समधल्या शर्यतीला अमेरिकेचं नाव का दिलं?

पहिल्या महायुद्धामुळं. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तिचे सैनिक फ्रान्सच्या मातीत लढले. युद्ध संपल्यावर फ्रेंचांनी त्या उपकाराची आठवण अनेक ठिकाणी ठेवली. दुडकीच्या शर्यतींचं जग सांभाळणाऱ्या संस्थेनं हिवाळ्यातली सगळ्यात मोठी शर्यत अमेरिकेच्या नावानं सुरू केली. पहिली शर्यत १ फेब्रुवारी १९२० ला झाली. जिंकणाऱ्या घोड्याचं नाव होतं प्रो पात्रिया, म्हणजे लॅटिनमध्ये 'मायदेशासाठी'. मुद्दाम जुळवून आणल्यासारखं वाटतं, पण घोड्याचं बारसं शर्यतीच्या कितीतरी आधी झालेलं असतं.

दुसऱ्या महायुद्धात १९४० आणि १९४१ ला शर्यत झाली नाही. आणि १९५३ मध्ये परमिट नावाचा जर्मन घोडा इथं जिंकला. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. अमेरिकेच्या आभाराची शर्यत, पॅरिसमध्ये, जर्मन घोडा. त्या दिवशी स्टँडमध्ये बसलेल्या फ्रेंच म्हाताऱ्यांचे चेहरे पाहायला मिळायला हवे होते असं मला नेहमी वाटतं.

फ्रान्सला दुडकीचं एवढं वेड कुठून लागलं?

गरजेपोटी. सैन्याला आणि डाकगाड्यांना असा घोडा हवा होता, जो गाडी ओढत मैलोन्‌मैल एकाच तालात जाईल. चौखूर पळणारा घोडा दोन-तीन किलोमीटरमध्ये दमतो. सरकारी अश्वपैदास खात्यातल्या एफ्रेम उएल या अधिकाऱ्यानं १८३६ मध्ये नॉर्मंडीतल्या शेरबूर इथं दुडकीची शर्यत भरवली, ती फ्रान्समधली पहिली मानतात. तिथली कुरणं, तिथल्या घोड्या आणि इंग्लंडहून आणलेले नर यांतून फ्रेंच ट्रॉटर ही दुडकीच्या घोड्यांची जात घडत गेली. व्हँसेनचं रेसकोर्स १८६३ मध्ये उघडलं. दुडकीचे घोडे तिथं आले ते १८७९ मध्ये. रेल्वे आली, मोटारी आल्या, डाकगाड्या गेल्या. शर्यत तेवढी उरली.

मग अमेरिकन घोडे ही शर्यत जिंकतात का?

फार क्वचित. नाव त्यांचं, बक्षीस बहुतेक वेळा इतरांचं.

१९३४ ला जिंकलेला वॉल्टर डिअर मूळचा अमेरिकन. त्यानं १९२९ मध्ये तिकडची हॅम्बलटोनियन ही तीन वर्षांच्या घोड्यांची सर्वांत मानाची शर्यत मारली होती, पण इथं आला तोवर तो युरोपातल्या मालकाकडे होता. १९७४ मध्ये डेल्मोनिका हॅनोव्हर ही घोडी जिंकली. मग १९९९ मध्ये मोनी मेकर. ती अमेरिकेतल्या तबेल्यातून आली, तिच्या सल्कीवर बसला जाँ-मिशेल बाझीर हा फ्रेंच, आणि तिनं व्हँसेन गाजवलं. पुढच्या वर्षी निवृत्तीच्या वेळी लेक्झिंग्टनला तिच्यावर खोगीर घालून जुली क्रोन या प्रसिद्ध महिला जॉकीला बसवलं, तेव्हा तिनं दुडकीत १ मैल १ मिनिट ५४ सेकंदांच्या आसपास काढला. सल्कीची घोडी, आणि पाठीवर माणूस घेऊन हा वेळ! त्यानंतर अमेरिकेतल्या तबेल्यातला घोडा इथं जिंकलेला नाही.

कारणं विचाराल तर: अमेरिकेत शर्यती एक मैलाच्या, सपाट आणि बंदिस्त गोल ट्रॅकवर, चालत्या मोटारीच्या मागून सुटणाऱ्या. इथं २,७०० मीटर, चढ-उतार, जानेवारीतली थंडी आणि वर्तुळातून वळून सुटणं. शिवाय समुद्र ओलांडायचा. तिथल्या मालकाला हा खटाटोप परवडत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला गरजही वाटत नाही.

सुरुवातीच्या काळातला सर्वांत मोठा घोडा कोणता?

घोडी म्हणा. उरानी. १९२६, १९२७, १९२८ अशी ओळीनं तीन वर्षं ती जिंकली. या शर्यतीत घोड्या नेहमीच घोड्यांच्या बरोबरीनं धावल्या आहेत, वेगळा गट वगैरे काही नाही. पुढं १९५६ आणि १९५७ ला जेलिनोतनं मारली. मग १९६६ ते १९६८ रोकेपीन, पुन्हा ओळीनं तीनदा.

रोकेपीनबद्दल दोन ओळी जास्त लिहायला हव्यात. ती नुसती जिंकली नाही. तिचा मालक आँरी लवेक तिला अमेरिकेला घेऊन गेला, न्यूयॉर्कजवळ रूझवेल्ट रेसवेवरची इंटरनॅशनल ट्रॉट तिनं १९६७ आणि १९६८ अशी दोनदा जिंकली, आणि नंतर तिला स्टार्स प्राइड या अमेरिकन नराकडे दिलं. त्यातून जन्मलेला फ्लोरेस्ताँ फ्रान्सला आला आणि पुढच्या पिढ्यांच्या वंशावळींत जागोजागी दिसायला लागला. आज जो चपळ, हलका फ्रेंच ट्रॉटर दिसतो त्याच्यात अमेरिकन रक्ताचा वाटा आहे, आणि तो आणणाऱ्यांत ही एक घोडी होती. शर्यतीच्या नावानं मानलेले आभार, म्हटलं तर, तबेल्यातून असे परत आले.

आर्टिचोकची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे आणि मजेशीर आहे. १९५९ ला प्री दामेरिक जिंकलेला जामँ हा घोडा त्याच उन्हाळ्यात पहिल्या इंटरनॅशनल ट्रॉटसाठी न्यूयॉर्कला विमानानं गेला. त्याला आर्टिचोक खायची सवय होती. ही काटेरी पाकळ्यांची, कमळाच्या कळीसारखी दिसणारी भाजी फ्रान्समध्ये घरोघर शिजते. अमेरिकन अधिकाऱ्यांनी परदेशी भाजीपाला म्हणून ती जप्त केली. घोडा तोंड लावीना, अशी बातमी पसरली; वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली आणि कॅलिफोर्नियातून आर्टिचोक मागवले गेले. १ ऑगस्ट १९५९ ला जामँ शर्यत जिंकला. भाजीमुळं की प्रसिद्धीमुळं, कुणी सांगावं. पण शर्यतीच्या आयोजकांना याहून स्वस्त जाहिरात मिळाली नसती एवढं नक्की.

उराझीला फ्रेंच लोक एवढं का मानतात?

कारण प्री दामेरिक चार वेळा जिंकणारा तो एकटाच आहे: १९८६, १९८७, १९८८ आणि १९९०. पण नुसत्या आकड्यांनी ते वेड समजत नाही.

तांबूस रंगाचा हा घोडा शर्यतीआधी फेरी मारताना अर्धवट झोपेत असल्यासारखा दिसायचा. मान खाली, कान सैल. सुटल्यावरही मागंच रेंगाळायचा, जणू कुणाचं तरी काम करायला आलो आहोत. मग शेवटच्या वळणानंतर त्याला जाग यायची आणि बाकीचे जागच्या जागी उभे असल्यासारखे मागं पडायचे. त्याला 'आळशी राजा' म्हणत. फ्रान्सच्या शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला हे शब्द माहीत असतात. मेरोव्हिंजियन घराण्याच्या शेवटच्या, काही न करणाऱ्या राजांना ते लावतात. शिवीच होती ती, पण लोकांनी तिचा मुकुट केला.

त्याला हाकायचा जाँ-रने गूझों. याला 'व्हँसेनचा पोप' म्हणत, आणि त्यानं स्वतः ही शर्यत आठ वेळा जिंकली: रोकेपीनबरोबर दोनदा, 'बेलिनो दोन' नावाच्या घोड्याबरोबर १९७५ ते १९७७ तीनदा, उराझीबरोबर तीनदा. १९८९ ला उराझी हरला, केइला जेदे जिंकली. १९८८ मध्ये अमेरिकेतूनही तो हरून आला होता. लोक म्हणाले, संपला. प्री दामेरिकला दहा वर्षांपर्यंतचेच घोडे घेतात; १९९० ला तो दहा वर्षांचा होता, म्हणजे ही शेवटचीच खेप. गूझों आजारी होता, म्हणून लगाम त्याच्या भावाच्या, मिशेल-मार्सेलच्या हातात. आणि म्हातारा जिंकला. व्हँसेनला त्या दिवशी रडलेली माणसं अजून ते सांगतात.

पैदाशीच्या कामात मात्र राजानं नावाला जागून आळस केला. त्याची पिल्लावळ फारशी नाही. १२ जानेवारी २०१३ ला, ३३ वर्षांचा होऊन तो गेला. त्या वर्षीची शर्यत दोन आठवड्यांवर होती.

स्त्रियांपैकी कुणी जिंकलं आहे का?

एकच. स्वीडनची हेलेन योहान्सन, १९९५ मध्ये, इना स्कॉट या घोडीबरोबर. त्यानंतर तीस वर्षं झाली, दुसरं नाव जोडलेलं नाही. तबेल्यांत घोडे सांभाळणाऱ्या मुली युरोपभर भरपूर आहेत, रोज पहाटे सराव त्याच देतात; मोठ्या रविवारी सल्कीवर मात्र पुरुष. याबद्दल फ्रेंच लोक चर्चा करतात, बदल फारसा करत नाहीत.

२००६ चा विजेता कोण? दोन नावं का दिसतात?

खांब पहिला ओलांडला जाग द बेलुएनं. तो २००५ चा विजेता, प्रेक्षकांचा आवडता. पुष्पहार, फोटो, राष्ट्रगीत सगळं त्याच्यासाठी झालं. नंतर तपासणीत बंदी असलेला पदार्थ सापडला, त्याला बाद केलं आणि विजेता म्हणून स्वीडनच्या गिगांट नेओचं नाव नोंदलं. त्याला हाकणाऱ्या दोमिनिक लोकनोला पहिल्या क्रमांकाचा मान मिळाला तो कागदावर. म्हणून जुने व्हिडिओ पाहून वाद घालू नका. यादीत जे आहे तेच धरायचं.

इटलीचा व्हारेन कोण?

२००१ आणि २००२ चा विजेता, आणि इटलीत फुटबॉलपटूसारखा प्रसिद्ध. टोपणनाव 'कप्तान'. त्याचं नाव पॅरिसमधल्या एका रस्त्यावरून ठेवलेलं: रू द व्हारेन, जिथं इटलीची वकिलात आहे. म्हणजे घोडा पॅरिसचा पत्ता नावात घेऊनच जन्मला होता. हाकणारा जाम्पाओलो मिन्नुची रोमचा, ट्रेनर योरी तुर्या फिनलंडचा. २००१ या एका वर्षात व्हारेननं व्हँसेन, स्टॉकहोमची एलिटलोपेत आणि अमेरिकेतली ब्रीडर्स क्राउन अशा तिन्ही मारल्या. मला विचाराल तर एका वर्षाच्या हिशेबात याच्याएवढं कुणी केलेलं नाही. उराझीचे भक्त मान्य करणार नाहीत, न करोत.

'महाराजा' नावाचा घोडा खरंच जिंकला होता का?

हो, २०१४ ला. आणि नाही, त्याचा भारताशी काही संबंध नाही. स्वीडनचा घोडा, ओर्यान शीलस्ट्रोम हाकायला. नाव फक्त रुबाबासाठी. तरी त्या रात्री फ्रेंच निवेदक 'माआराजाऽ' असं ओरडत होता ते ऐकून इकडे बऱ्याच जणांची करमणूक झाली.

फ्रेंच घोड्यांच्या नावांत काही पद्धत असते का?

असते, आणि एकदा कळली की घोड्याचं वय नावावरून सांगता येतं. एका वर्षी जन्मलेल्या सगळ्या शिंगरांची नावं एकाच रोमन अक्षरानं सुरू करायची. २०११ ला बी, म्हणून बोल्ड ईगल. २०१५ ला एफ, म्हणून फेस टाइम बूर्बाँ. २०१७ ला एच, हूकर बेरी. २०१८ ला आय, इदाओ द तियार. शेवटची चार अक्षरं वापरत नाहीत. व्हीनंतर पुन्हा ए. आपल्याकडे पंचांगात नावरस अक्षर काढतात तसंच, फक्त नक्षत्राऐवजी साल.

घोड्यांचे नाल काढतात म्हणे? मग टापा झिजत नाहीत?

झिजतात, म्हणून तर तो हुकमाचा पत्ता. शर्यतीच्या दिवशी नालबंद खिळे उपटून लोखंड काढतो. पायाला बांधलेलं वजन गेलं की घोडा टाप हलकी आणि लांब टाकतो. व्हँसेनचा मोठा ट्रॅक जळक्या कोळशाच्या राखेच्या खरबरीत खड्यांचा आहे, काळाकभिन्न. उघड्या टापेला तो कानशीसारखा घासतो. त्यामुळं चारही नाल काढून घोडा वारंवार पळवता येत नाही. ट्रेनर काय करतो? तयारीच्या शर्यतींत नाल ठेवतो, घोडा पाचवा-सहावा येतो, लोक नाक मुरडतात. मग प्री दामेरिकच्या दिवशी अनवाणी.

रेसबुकात याची खूण छापतात: 'डी' आणि पुढं चार, म्हणजे चारही पाय मोकळे, पुढचे दोनच किंवा मागचे दोनच मोकळे असतील तर तशी वेगळी खूण. जुना फ्रेंच रेसकर घोड्याचं नाव वाचण्याआधी ही खूण वाचतो. स्वीडनमध्ये थंडीच्या महिन्यांत अनवाणी पळवायला बंदी आहे. स्वीडिश घोडे जानेवारीत व्हँसेनला येऊन नाल काढतात.

शर्यत सुटते कशी? गेट दिसत नाही.

गेट नसतं. दोरीमागं घोडे गोल फिरत असतात, एका इशाऱ्यावर वळून रेषेकडे येतात आणि वेग घेतात. अठरा जणांचं वळण जुळलं नाही, कुणी आधीच निसटला, की परत बोलावतात. दोन-तीनदा असं होणं नवल नाही. थंडीत घोड्यांच्या अंगातून वाफा निघत असतात, एक जण मागच्या मागं सरकतो, दुसरा लगाम चावतो, आणि हाकणारे एकमेकांना जे काही बोलत असतात ते माइकवर येत नाही हे बरंच. चांगला घोडा इथंच हरू शकतो. सुटल्यावर उतार, मग सपाटी, मग शेवटच्या वळणाआधीचा प्रसिद्ध चढ. या चढावर कोण खरा आणि कोण खोटा ते कळतं.

खच्ची केलेले घोडे का नाहीत?

ही शर्यत पैदाशीची परीक्षा मानली जाते. जो पुढची पिढी देऊ शकत नाही त्याला प्रवेश नाही: फक्त नर आणि घोड्या, वय चार ते दहा. नियम कठोर आहे, पण त्याचं फळ डोळ्यांसमोर आहे. रेडी कॅश २०११ आणि २०१२ ला जिंकला. त्याचा मुलगा बोल्ड ईगल २०१६ आणि २०१७ ला. दुसरा मुलगा रीडली एक्स्प्रेस, स्वीडनसाठी, २०१८ ला. तिसरा मुलगा फेस टाइम बूर्बाँ २०२० आणि २०२१ ला. एका घोड्याच्या घरात दहा-अकरा वर्षांत सात ट्रॉफ्या! मराठीत याला घराणं म्हणतात.

खोगीर घालूनही दुडकीची शर्यत होते का?

होते, आणि फ्रान्समध्ये तिला मान आहे. तिच्यातली सर्वांत मोठी प्री द कॉर्नुलिए, व्हँसेनलाच, साधारण प्री दामेरिकच्या आठवडाभर आधी. बेलिनो दोन आणि जाग द बेलुए यांनी दोन्ही शर्यती जिंकल्या आहेत. प्री दामेरिकनंतर फेब्रुवारीत प्री द फ्राँस (२,१०० मीटर) आणि प्री द पारी (४,१५० मीटर) होतात. तिन्ही मारणारा घोडा विरळाच.

बेटिंग कसं चालतं?

टोटवर. जमलेले पैसे एकत्र करायचे, कर आणि खर्च काढायचा, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. ही पद्धत जोझेफ ओलेर यानं १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये काढली. महालक्ष्मीचा टोट तिचाच नातू. १९५४ मध्ये फ्रान्समध्ये 'तिएर्से' आलं, पहिले तीन घोडे ओळखायचे, आणि रविवारी सकाळी कॅफेत बसून कूपन भरणं हा घरोघरचा रिवाज झाला. भारतातून पैसे कसे लावायचे हे मला विचारू नका, त्यात मी पडत नाही.

अलीकडची वर्षं कशी गेली?

२०२१ ला करोनामुळं स्टँड रिकामे होते. फेस टाइम बूर्बाँ सलग दुसऱ्यांदा जिंकला तेव्हा टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. २०२२ ला दाव्हिदसन द्यू पाँ जिंकला: ट्रेनर जाँ-मिशेल बाझीर, हाकायला त्याचा मुलगा निकोला. पुढच्या वर्षी बापानं स्वतः हूकर बेरीला हाकून आपला पाचवा विजय घेतला. २०२४ आणि २०२५ ला इदाओ द तियार, इथंही बाप-लेक: ट्रेनर तिएरी द्युव्हाल्देस्ताँ, हाकणारा त्याचा मुलगा क्लेमाँ. रेडी कॅशही तिएरीच्याच तबेल्यातला होता. या धंद्यात पोरं सल्कीच्या दांड्याला धरून चालायला शिकतात.

भारतात अशी शर्यत का नाही?

आपल्याकडच्या टर्फ क्लबांनी इंग्रजांकडून थरोब्रेड आणि चौखूर शर्यत घेतली. दुडकीची जात, ट्रॅक, पंच यांतलं काहीच इथं रुजलं नाही. योगायोग एवढाच की इंडियन डर्बी महालक्ष्मीला साधारणपणे फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते. म्हणजे एका रविवारी फोनवर व्हँसेन, पुढच्या रविवारी रेलिंगला उभं राहून महालक्ष्मी. लागोपाठ पाहिल्या की दोन्ही जास्त कळतात.

फोनवर पाहायची तर काय पाहू?

व्हँसेनला दुपारी चारच्या सुमारास सुटते, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ-पावणेनऊ. अर्धा तास आधी लावा, घोडे फेरी मारताना त्यांच्या टापा पाहा: कोण अनवाणी, कोणाच्या डोळ्यांना झापडं. शर्यत सुटली की पुढच्या घोड्याकडे पाहायचा मोह आवरा. चढ संपता संपता तिसऱ्या-चौथ्या नंबरवर, दुसऱ्याच्या पाठीच्या आडोशाला बसलेला आणि लगाम अजून सैल असलेला घोडा शोधा. आवाज मोठा ठेवा. त्याच्या टापांचे दोन ठोके तसेच येत राहिले आणि हाकणाऱ्यानं त्याला बाहेरच्या बाजूला काढलं, की चहा खाली ठेवा.